सण आलाय आणि बरं वाटत नाहीये

गोठलेल्या तळ्यावर मुलं स्केटिंग करतायत. आकाशातून हिम पडतंय, मागे लहान मुलांचा कोरस संथ लयीत गातोय. मग दोन मुलगे एका बुटक्या भिंतीशी येऊन थांबतात, कोपरं टेकवून उभे राहतात, आणि त्यातला गोल डोक्याचा मुलगा म्हणतो, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. नाताळ जवळ आलाय आणि मला आनंद होत नाहीये. भेटवस्तू आवडतात, कार्डं पाठवायला आवडतं, झाड सजवायला आवडतं, तरी शेवटी मन उदासच होतं.

मुलांसाठी काढलेल्या, ऐन सणात दाखवायच्या, कोकाकोला कंपनीने पैसे पुरवलेल्या कार्यक्रमाचा पहिला संवाद हा आहे. कार्यक्रमाचं नाव 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस'. ९ डिसेंबर १९६५ ला, गुरुवारी संध्याकाळी, अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर तो पहिल्यांदा लागला. जाहिराती धरून अर्धा तास, नुसतं कार्टून पंचवीस मिनिटांचं. अमेरिकेत आल्यापासून दर डिसेंबरात मी तो पाहत आलेय. नाताळ माझा सण नव्हे. मी वाढले ती कोल्हापुरात, दिवाळीच्या घरात. पण सणाच्या दिवशी बरं न वाटणाऱ्या माणसाबद्दल इतकं खरं काही मी दुसऱ्या कुठल्या टीव्ही कार्यक्रमात पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

चार्ली ब्राऊनची तक्रार ऐकून त्याचा मित्र लायनस काय म्हणतो? नाताळसारख्या सुंदर दिवसांचासुद्धा प्रश्न करून ठेवणारा मला माहीत असलेला तू एकटाच. पुढे चार्ली ब्राऊन टपालपेटी उघडून पाहतो. एकही कार्ड आलेलं नाही. आपण कुणाला आवडत नाही हे त्याला ठाऊकच आहे. त्यावर बोट ठेवायला मुद्दाम एक सण कशाला हवा, असं तो विचारतो. तो हे रडत सांगत नाही, चिडूनही नाही. रोजच्या आवाजात सांगतो आणि पुढे चालू लागतो.

मग तो लायनसच्या बहिणीकडे, ल्यूसीकडे जातो. लिंबू सरबताच्या गाड्यासारख्या तिच्या फळीवर मानसोपचाराचा दर लिहिलेला असतो, पाच सेंट. ती आधी पैसे घेते. भीतीच्या प्रकारांची एकेक नावं घेत सगळ्यांत शेवटी 'प्रत्येक गोष्टीची भीती' यावर येते, तेव्हा तो इतक्या जोरात 'तेच, तेच!' म्हणून ओरडतो की ती उलटी पडते. सगळं ऐकून तिचा सल्ला एवढाच, तू कशात तरी स्वतःला गुंतवून घे. आमच्या नाताळच्या नाटकाचं दिग्दर्शन कर.

हा सल्ला मी आयुष्यभर मराठीतून ऐकला आहे. कशात तरी मन रमव. चार माणसांत मिसळ. घरात सण आहे, असा चेहरा करून बसू नये. सांगणारी माणसं प्रेमाचीच असतात. मावशी असते, शेजारच्या काकू असतात, स्वतःची आई असते. त्यांचं चुकतं असंही नाही, कामाने मन थोडं हलतं. पण त्या सल्ल्यात एक घाई असते. तुझी उदासी आमच्या सणाच्या वाटेत येतेय, ती लवकर बाजूला कर, अशी घाई.

माझे वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी झाली नाही. आकाशकंदील नाही, तळण नाही. आपल्याकडे ही रीत फार शहाणपणाची आहे. ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घराने वर्षभर सण करायचा नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी फराळाचे डबे आणून द्यायचे. दाराशी कुणी आलं तर 'हॅपी दिवाळी' म्हणत नाही. 'थोडंसं आणलंय' म्हणतं, डबा ठेवतं, बसतं, जातं. त्या वर्षी माझ्या उदासीला घरात जागा होती. सगळ्यांना कारण ठाऊक होतं, म्हणून कुणी काही विचारत नव्हतं.

अवघड गेल्या त्या नंतरच्या दिवाळ्या. कुणी गेलेलं नव्हतं, नोकरी होती, घर होतं, मुलगी निरोगी होती. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आमच्या मराठी मंडळींत पहाटेच्या गाण्यांचा कार्यक्रम, रांगोळी, चकलीची ऑर्डर, सगळं वेळेवर होत होतं. आणि तरी चारचौघांत बसून हसताना आत काहीतरी खाली खाली जात होतं. कारण असलेल्या दुःखासाठी आपल्याकडे रीती आहेत, दिवस मोजलेले आहेत, डबे आहेत. विनाकारण आलेल्या उदासीसाठी काहीच नाही. तिचं नाव काढलं की समोरचा माणूस पहिलं हेच विचारतो, 'का पण? झालं काय?' चार्ली ब्राऊनला हेच तर सांगता येत नाही. त्याला काही झालेलं नाही. नाताळ आलाय, एवढंच झालंय.

हे कार्टून ज्याच्या लेखणीतून आलं त्या चार्ल्स शुल्झना ही अवस्था आतून ठाऊक होती. त्यांचा जन्म १९२२ चा, मिनेसोटा राज्यातला, वडिलांचं केशकर्तनालय. १९४३ मध्ये ते सैन्यात नुकते भरती झाले असताना आई कर्करोगाने गेली. तिला निरोप देऊन ते युद्धावर गेले. ती जखम पुढे कधी पूर्ण भरली नाही, हे त्यांचं आयुष्य वाचताना सारखं जाणवतं. 'पीनट्स' ही त्यांची चार्ली ब्राऊनची चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ती एकट्याने काढली. मदतनीस ठेवून कधी रेघ मारून घेतली नाही. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारच्या अंकांत, त्यांची आधीच काढून दिलेली निरोपाची चित्रपट्टी छापून आली. कीर्ती आणि पैसा मिळूनही चिंता आणि उदासी त्यांना सोडून गेली नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

टीव्हीवर यायची संधी मात्र घाईघाईत आली. निर्माते ली मेंडेल्सन यांनी १९६३ मध्ये शुल्झवर एक माहितीपट केला होता, पण तो कुठल्याच वाहिनीने घेतला नाही. १९६५ मध्ये कोकाकोलाच्या जाहिरात संस्थेतून त्यांना फोन आला, नाताळसाठी चार्ली ब्राऊनचं काही आहे का? त्यांनी हो म्हणून टाकलं, मग शुल्झना कळवलं. एका दिवसात आराखडा तयार झाला. त्यात स्केटिंग होतं, शाळेतलं नाटक होतं, बायबलमधला उतारा होता, जॅझ आणि जुनी नाताळगीतं दोन्ही होती. हॅन्स अँडरसनच्या फर झाडाच्या गोष्टीवरून मेंडेल्सननी झाडाची कल्पना सुचवली, आणि शुल्झनी तिचं त्या केविलवाण्या, चार काटक्यांच्या झाडात रूपांतर केलं. पुढे हातात जेमतेम सहा महिने.

दिग्दर्शक बिल मेलेंडेझ हे मूळचे मेक्सिकोतले. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले, १९४१ च्या तिथल्या संपात उतरलेले. 'पीनट्स'ची मुलं त्यांनी आधी फोर्डच्या मोटारींच्या जाहिरातींत हलवली होती. शुल्झची पात्रं कागदावर जितकी सोपी दिसतात तितकीच हलवायला कठीण. डोकी अवाढव्य, हात इतके आखूड की डोक्यावर पोचत नाहीत. त्यामुळे या कार्टूनमध्ये हालचाल कमी आहे, अडखळती आहे, आणि झाडाच्या फांद्यांची संख्या मधूनच बदलते. मला या उणिवा प्रिय आहेत. चेहऱ्यावर एक वाकडी रेघ आणि दोन ठिपके एवढंच असलं की पाहणाऱ्याला थांबावं लागतं, त्या मुलाच्या मनात काय चाललंय ते स्वतःहून भरावं लागतं.

आवाज खऱ्या मुलांचे आहेत. त्या काळी कार्टूनमधल्या मुलांसाठी बहुधा मोठी माणसं बारीक आवाज काढायची. इथे पीटर रॉबिन्स हा चार्ली ब्राऊन, ख्रिस्तोफर शे हा लायनस, आणि त्याची बहीण ल्यूसी म्हणजे ट्रेसी स्ट्रॅटफर्ड. चार्ली ब्राऊनच्या धाकट्या बहिणीचा, सॅलीचा आवाज देणारी कॅथी स्टाइनबर्ग इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं. वाक्याचा एकेक तुकडा तिच्याकडून म्हणवून घेऊन नंतर जोडला. त्या जोडांच्या खुणा ऐकू येतात. सॅली सांताक्लॉजला पत्र सांगते, भेटींची लांबलचक यादी देते, आणि जमत नसेल तर रोख पाठव म्हणते, दहाच्या आणि वीसच्या नोटा. माझ्या वाट्याचं तेवढं मला हवं, असं ती किती निरागसपणे म्हणते! हे वाक्य सफाईदार नटीच्या तोंडी असतं तर लबाड वाटलं असतं.

आणि संगीत. मेंडेल्सन गाडीतून गोल्डन गेट पुलावरून जात असताना रेडिओवर व्हिन्स ग्वाराल्दी यांची एक जॅझ रचना लागली आणि त्यांना आपला संगीतकार सापडला. ग्वाराल्दी सॅन फ्रान्सिस्कोचेच. मुलांच्या कार्टूनला पियानो, बास आणि ड्रम एवढ्या तिघांचं जॅझ ही कल्पनाच तेव्हा विचित्र होती. 'लायनस अँड ल्यूसी' ही त्यांची धून उड्या मारत येते, मुलं तिच्यावर नाटकाची तालीम सोडून नाचत सुटतात. पण मला थांबवून ठेवतं ते सुरुवातीचं गाणं. त्याचे शब्द मेंडेल्सननी एका पाकिटाच्या मागच्या बाजूवर पंधराएक मिनिटांत लिहून काढले. स्वतः ज्यू असलेल्या माणसाने. ते म्हटलं सॅन राफेलच्या एका चर्चमधल्या मुलांनी. शब्द सगळे आनंदाचे आहेत, आणि चाल मात्र अशी की ऐकताना घसा दाटतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे त्या गाण्याइतकं नीट मला कुणी समजावलं नाही.

वाहिनीच्या अधिकाऱ्यांना यातलं काही आवडलं नाही. गती मंद आहे, जॅझ जुळत नाही, मुलांचे आवाज कच्चे आहेत, बायबल वाचायचं हे टीव्हीवर कसं चालेल? विनोदी कार्यक्रमात तेव्हा ध्वनिमुद्रित हशा टाकायची पद्धत होती, तीही शुल्झनी साफ नाकारली होती. हशा नसल्यामुळे या कार्टूनमध्ये जागोजागी शांतता उरली आहे, आणि माझ्या लेखी तोच शुल्झनी घेतलेला सगळ्यांत मोठा निर्णय. एखादं मूल 'मला बरं वाटत नाहीये' म्हणतं आणि लगेच पाठीमागून माणसं हसतात, हे ऐकलेल्या मुलाने पुन्हा कधी तोंड उघडलं असतं का?

प्रक्षेपणाला काही दिवस उरले असताना मेंडेल्सन आणि मेलेंडेझ दोघांनाही वाटत होतं की आपण चार्ली ब्राऊनची वाट लावली. त्यांच्या चमूतले एड लेव्हिट हे एकटेच म्हणाले, हे शंभर वर्षं चालेल. तारीख जाहीर झालेली होती, म्हणून कार्यक्रम लागला. त्या संध्याकाळी टीव्ही पाहणाऱ्या अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला. पुढच्या वर्षी टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला, पीबडी पुरस्कारही मिळाला.

आता त्या झाडाकडे येते. नाटकासाठी ल्यूसी फर्मावते की मोठं, चकचकीत, शक्यतो गुलाबी रंगवलेलं अॅल्युमिनियमचं झाड आणा. अशी झाडं तेव्हा खरोखर विकली जायची. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत ती फॅशन आली होती, आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावातला कारखाना त्यांच्यासाठी प्रसिद्ध होता. धातूच्या झाडावर विजेच्या माळा सोडल्या तर शॉक बसायची भीती, म्हणून खाली दिव्यापुढे फिरणारं रंगीत चाक ठेवून त्याचा उजेड झाडावर टाकायचे. चार्ली ब्राऊन त्या सगळ्या चकाकत्या झाडांमधून चालत जातो आणि कोपऱ्यातलं एकुलतं एक खरं, लाकडाचं, हात लावला की पानं गळणारं रोपटं उचलतो. याला माझी गरज आहे, म्हणतो. या कार्यक्रमानंतर दोनचार वर्षांत अॅल्युमिनियमच्या झाडांची चलती संपली. त्याचं पूर्ण श्रेय एका कार्टूनला देता येणार नाही, पण लोक ते देतात, आणि मला त्यात गोडवा वाटतो.

झाड पाहून सगळे हसतात. चार्ली ब्राऊनचा कुत्रा स्नूपीसुद्धा हसतो. तेव्हा चार्ली ब्राऊन ओरडतो, नाताळ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक आहे की नाही?

लायनस म्हणतो, मला ठाऊक आहे. रंगमंचाच्या मध्यभागी जातो, दिवे सोडायला सांगतो आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातल्या आठ ते चौदा या ओव्या म्हणतो. रानात रात्री मेंढ्या राखणारे धनगर, देवदूत, आणि 'भिऊ नका'. शे या मुलाच्या बोलण्यात किंचित बोबडेपणा आहे. तिन्हीसांजेला देवापुढे हात जोडून रामरक्षा म्हणणाऱ्या मुलासारखा तो पाठ केलेलं म्हणत जातो, कुठलाही शब्द रंगवत नाही. आपलं पांघरूण कधी न सोडणारा लायनस 'भिऊ नका' या शब्दांपाशी ते हातातून सोडतो. कुणी त्याकडे बोट दाखवत नाही. पाहणाऱ्यांच्याही हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाला या मिनिटात जे मिळत असेल ते त्याचं. शुल्झ स्वतः चर्चमध्ये रविवारचे वर्ग घ्यायचे, आणि हा उतारा राहणारच यावर ते ठाम होते. मी बाहेरची आहे. मला दिसतं ते एवढं, की संपूर्ण कार्यक्रमात चार्ली ब्राऊनच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून पहिल्यांदा कुणीतरी उत्तर देतं. तू असं कर, तसं कर नाही. गुंतवून घे नाही. त्याने विचारलं आणि मित्राने त्याच्याकडे जे होतं ते सांगितलं.

त्याने सगळं बरं होतं का? होत नाही, आणि म्हणूनच मी या कार्यक्रमावर विश्वास ठेवते. चार्ली ब्राऊन आनंदात झाड घेऊन बाहेर पडतो, स्नूपीच्या सजवलेल्या घरावरचा एक लाल गोळा काढून फांदीला लावतो, आणि झाड जमिनीपर्यंत वाकतं. मी याला मारून टाकलं, म्हणत तो निघून जातो. धर्मग्रंथातला उतारा ऐकून दोन मिनिटंही झालेली नसतात. उदासी परत येते, ती अशीच येते. मग मुलं हळूहळू जमतात. लायनस आपलं पांघरूण झाडाच्या बुंध्याशी गुंडाळतो, बाकीची मुलं स्नूपीच्या घरावरची सजावट काढून त्यावर चढवतात. झाड सरळ उभं राहतं. कुणीही चार्ली ब्राऊनला समजावायला त्याच्या मागे धावत नाही. ती मुलं त्याने आणलेल्या वस्तूला हात लावतात. दारात डबा ठेवून 'थोडंसं आणलंय' म्हणणारी माणसं मला इथे ओळखू येतात.

पीटर रॉबिन्सबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोठेपणी त्यांना बायपोलर आजाराने ग्रासलं, तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्यांनी आजाराबद्दल उघडपणे सांगितलं, हा आजार अंगावर काढू नका असं लोकांना विनवलं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. 'माझ्यात काहीतरी बिघडलंय' हे वाक्य ज्या नऊएक वर्षांच्या आवाजात आपण ऐकतो तो आवाज त्यांचा आहे. ही बातमी कळल्यापासून मला त्या वाक्यावरून पुढे सरकायला वेळ लागतो. घरात, वर्गात, ऑफिसात कुणी ते म्हणालं तर आधी पूर्ण ऐकून घ्यावं आणि मग डॉक्टरांकडे सोबत जावं, एवढं तरी आपण करू शकतो.

सांता रोझा या गावात शुल्झ पुढे राहायला आले. तिथे त्यांनी १९६९ मध्ये बर्फाचं रिंक उघडलं, ते अजून चालू आहे, आणि समोर २००२ मध्ये उघडलेलं त्यांचं संग्रहालय आहे. आम्ही गोल्डन गेट पूल ओलांडून तिथे जातो. आत एका पूर्ण भिंतीवर योशितेरू ओतानी या जपानी कलावंताचं भित्तिचित्र आहे. ल्यूसी फुटबॉल धरून बसली आहे, चार्ली ब्राऊन तो मारायला धावत येतोय. जवळ गेलं की कळतं, ते चित्र ३,५८८ फरश्यांचं आहे आणि प्रत्येक फरशीवर एक चित्रपट्टी छापलेली आहे. दरवेळी ती बॉल उचलून घेणार, दरवेळी तो पडणार, आणि तरी तो धावतोय. माझी मुलगी तिथे खाली बसून एकेक पट्टी वाचते आणि तिला उठवावं लागतं.

२००० पर्यंत सीबीएस आणि मग २०१९ पर्यंत एबीसी, अशी चोपन्न-पंचावन्न वर्षं हा कार्यक्रम मोफत, ठरलेल्या संध्याकाळी, सगळ्यांच्या घरी एकदम लागायचा. २०२० मध्ये हक्क अॅपल टीव्ही प्लस या पैसे भरून पाहायच्या सेवेकडे गेले. लोकांनी आवाज उठवल्यावर दोन वर्षं तो पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरही दाखवला गेला; त्यानंतर डिसेंबरातले एखाददोन दिवस अॅपलवरच पैसे न भरता पाहता येतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गल्लीतल्या उदास मुलाने तो पाहिला एवढं पुरत नाही. त्याच संध्याकाळी त्याच्या शेजारच्या ल्यूसीनेही तो पाहायला हवा, तिच्या आईवडिलांनीही.

म्हणून आम्ही नाताळच्या सुट्टीत इमारतीतल्या मुलांना घरी बोलावून तो लावतो. गुजराती, फिलिपिनो, मेक्सिकन, दोन मराठी, अशी मिळून पोरं येतात, सतरंजीवर बसतात, चिवडा आणि कुकीज खातात. स्नूपीवर हसतात, लायनसच्या उताऱ्याला चुळबुळतात. शेवटी सजलेलं झाड पाहून ल्यूसी म्हणते, चार्ली ब्राऊन मठ्ठ आहे, पण झाड चांगलं आणलं त्याने. यावरून पोरांचं हमखास भांडण होतं. तिने सॉरी म्हटलंच नाही, असं अर्ध्यांचं म्हणणं. माझी मुलगी म्हणते, तिला एवढंच येतं, तिचं सॉरी हेच. मला तिचं पटतं.